घोकंपट्टी कुणाच्या फायद्याची?

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात आंबागड हे गाव आहे. सातपुड्याच्या टेकडीवर तिथे किल्ला आहे. देवगडच्या गोंड राजाचा, म्हणजे बख्त बुलंदचा सरदार राजाखान याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून मँगनीज डायऑक्साइड असलेला काळा दगड निघतो आणि तो बॅटरीच्या कोरड्या सेलसाठी वापरला जातो. मॉयल या सरकारी कंपनीने तिथे देशी तंत्रज्ञानावर इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइडचा कारखानाही उभारला आहे.

आता आठवीचे सामान्य विज्ञानाचे पुस्तक उघडून पाहा. त्यात कोरड्या विद्युत घटाची आकृती आहे. बाहेर जस्ताचे भांडे, मधोमध ग्राफाइटची कांडी आणि तिच्याभोवती मँगनीज डायऑक्साइडचा लगदा. आमच्या भागातला विद्यार्थी ही आकृती पाठ करतो, बाण काढून नावे देतो आणि गुण मिळवतो. पण त्या आकृतीतला काळा लगदा आपल्याच तालुक्यातल्या दगडाचा असतो, आपल्याच शेजारचा मजूर तो दगड फोडतो, ही गोष्ट त्या आकृतीत कुठेच नाही. संपलेला सेल फोडून आत काय आहे ते पाहा, असे त्याला कुणी सांगत नाही. सेल संपतो म्हणजे नेमके काय संपते, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो वर्गातही येत नाही.

घोकंपट्टीची शिक्षणपद्धती तंत्रज्ञानातील नवनिर्मितीला अडवते काय, असा प्रश्न हल्ली चर्चासत्रांतून नेहमी विचारला जातो. माझे उत्तर आहे, होय, अडवते. परंतु चर्चासत्रातले विद्वान इथेच थांबतात आणि सगळा दोष पोरांच्या, मास्तरांच्या आणि पालकांच्या माथी मारून मोकळे होतात. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. घोकंपट्टी वाईट आहे हे शंभर-सव्वाशे वर्षांपासून सर्वांनाच मान्य असेल, तर ती गेली का नाही? ती टिकून राहण्यात कुणाचा फायदा आहे?

अहवाल बदलले, वर्ग बदलला नाही

१९०२ च्या विद्यापीठ आयोगाने भारतात शिकवणे हे परीक्षेचे गुलाम झाले आहे, असा अभिप्राय दिला. १९६४ ते १९६६ या काळातल्या कोठारी आयोगाने शिक्षणाला उत्पादक श्रमाशी जोडा म्हणून सांगितले. १९९३ साली प्रा. यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे मोठे आहे, असे सांगितले. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडा आणि घोकंपट्टीपासून दूर व्हा, अशी सूचना केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीच भाषा आहे.

बरे, हे केवळ अहवालांत आहे असेही नाही, कायद्यातही आहे. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ वाचा. कृतीतून, शोधातून आणि धुंडाळण्यातून शिक्षण झाले पाहिजे, मुलाची समज आणि ती वापरण्याची क्षमता तपासली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पण त्याच कायद्याचे परिशिष्ट वाचा. शाळेत काय काय असले पाहिजे याची यादी त्यात आहे. वर्गखोल्या, मुलामुलींची वेगवेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची खोली, मैदान, कुंपण, ग्रंथालय, खेळाचे साहित्य या सर्वांची नोंद आहे. प्रयोगशाळा हा शब्द मात्र त्या यादीत नाही! कलमाने शोध सांगितला आणि परिशिष्टाने शोधाची जागाच दिली नाही. वकिलाच्या नजरेला हे लगेच दिसते. ज्या हक्काबरोबर साधन दिलेले नसते, तो हक्क कागदावरच राहतो.

घोकंपट्टीला खर्च लागत नाही. तिला काचेचे चंचुपात्र लागत नाही, तार लागत नाही, सूक्ष्मदर्शक लागत नाही, प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असा तयार शिक्षक लागत नाही. एक फळा, एक गाईड आणि एक छडी एवढ्यावर वर्ग चालतो. गरिबाच्या शाळेत ती टिकून राहण्याचे पहिले कारण हे आहे. दुसरे कारण अधिक जुने आहे आणि त्याबद्दल चर्चासत्रात कुणी बोलत नाही.

जीभ एकाची, हात दुसऱ्याचे

या देशात हजारो वर्षे विद्या म्हणजे मुखोद्गत करण्याची वस्तू होती. ती ज्यांच्या मुखात होती त्यांनी हाताने काम करायचे नाही आणि जे हाताने काम करीत होते त्यांनी अक्षर शिकायचे नाही, असा हा धर्मशास्त्राचा बंदोबस्त होता. चामडे कमावणाऱ्याला चुना आणि सालीचे रसायन माहीत होते. लोहाराला लोखंडाला पाणी केव्हा द्यायचे ते कळत होते. मोहाडी-आंधळगावच्या विणकराला कोशाचा धागा कळत होता. आमच्या भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, ते कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी बांधले. पाणी कुठून उतरते, पाळ कुठे घालायची, सांडवा किती ठेवायचा, याचे गणित त्यांच्याजवळ होते. पण यापैकी काहीही विद्या म्हणून गणले गेले नाही. ते लिहिले गेले नाही, तपासले गेले नाही, म्हणून पुढे वाढलेही नाही.

तंत्रज्ञान वाढते ते डोके आणि हात एकाच माणसात किंवा निदान एकाच खोलीत आल्यावर. जेम्स वॉट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर होता. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राचा एक नमुना त्याच्याकडे दुरुस्तीला आला. तो दुरुस्त करताना वाफ वाया का जाते, हा प्रश्न त्याला पडला. त्याच विद्यापीठातल्या जोसेफ ब्लॅक या प्राध्यापकाशी त्याची उष्णतेवर चर्चा होत असे. मायकेल फॅरडे हा पुस्तकबांधणीच्या दुकानातला उमेदवार पोरगा होता. दुकानात बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत तो प्रयोगशाळेपर्यंत पोहोचला आणि विजेच्या यंत्राचा पाया घातला. आपल्याकडे त्या काळी कारागिराने पंडिताच्या ओसरीवर चढून प्रश्न विचारला असता, तर काय झाले असते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' मध्ये सांगितले की, जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. नवनिर्मितीच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

महात्मा जोतीराव फुल्यांनी हे ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबरच शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली. शिक्षक शेतकरी समाजातून यावेत, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हातात धरायला त्यांना लाज वाटू नये, असेही त्यांनी म्हटले. मागणी साधी वाटते, पण ती जातिव्यवस्थेच्या मुळावर घाव घालणारी होती. अक्षर आणि अवजार एका हातात द्या, असा तिचा अर्थ होता. जवळजवळ दीडशे वर्षे झाली. तो शिक्षक आणि ती शाळा आपण अजून शोधतो आहोत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्मरणशक्ती ही शत्रू नाही. बुद्धवचन लेखनिविष्ट होण्यापूर्वी भिक्खूंनी पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत ठेवले. पाढे पाठ असलेच पाहिजेत. परंतु त्याच परंपरेत कालामांना केलेला उपदेश आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका, तपासून पाहा. म्हणजे पाठ करण्याला तिथे तपासण्याची जोड आहे. आपल्या शाळेने पाठ करणे ठेवले आणि तपासणे काढून टाकले.

तिसरी शिकलेला संशोधक

आमच्या बाजूला धान हे मुख्य पीक. तुमसरच्या बाजारात एचएमटी तांदूळ माहीत नाही असा माणूस मिळणार नाही. हा वाण कुणी शोधला? चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी. दलित समाजातला हा अल्पभूधारक शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत.

१९८३ साली 'पटेल ३' या वाणाच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसऱ्या कुणी त्या कापून खळ्यात टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढून पिशवीत जपून ठेवल्या. पुढच्या हंगामात त्यांचे दाणे वेगळ्या जागी पेरले. आलेल्या पिकातून पुन्हा निवडले, पुन्हा वेगळे पेरले, मूळ वाणाशी ताडून पाहिले. असे काही वर्षे चालले. धानाच्या फुलात परागीभवन बहुतांशी स्वतःचे स्वतःच होते, म्हणून वेगळ्या निघालेल्या लोंबीचे गुण पुढच्या पिढ्यांत स्थिर करता येतात. हे कृषी महाविद्यालयाच्या पुस्तकात आहे. दादाजींनी ते पुस्तक वाचले नव्हते. त्यांनी धान वाचले. निरीक्षण, वेगळे काढणे, पुन्हा करून पाहणे आणि तुलना करणे, वैज्ञानिक पद्धत म्हणतात ती याहून निराळी काय असते?

दाणा बारीक, भाताला चव आणि उत्पन्न चांगले, म्हणून १९९० च्या सुमारास वाण बाजारात आला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणे नेले आणि १९९८ साली डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' हा वाण प्रसारित केला. श्रेय आपल्याला मिळाले नाही, अशी दादाजींची तक्रार होती. आपण बियाण्याचे शुद्धीकरण करून वाण सुधारला, अशी विद्यापीठाची बाजू होती. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना मिळाला. २०१० साली 'फोर्ब्स' ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. एचएमटीनंतर डीआरके, विजय नांदेड, नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा असे आणखी वाण त्यांनी काढले. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या आजारात उपचारांसाठी त्यांच्या कुटुंबाला मदतीकडे डोळे लावून बसावे लागले. ज्याच्या वाणावर गिरण्या चालल्या आणि व्यापारी मोठे झाले, त्याच्या घरी पैसा आला नाही.

कुणी म्हणेल, दादाजी तिसरी शिकले म्हणूनच घोकंपट्टीतून वाचले. मग शाळा हवी कशाला? हा युक्तिवाद आपल्या समाजाने क्षणभरही मान्य करू नये. दादाजींना शाळा आणि प्रयोगशाळा दोन्ही मिळाल्या असत्या, तर त्यांनी नोंदी लिहून ठेवल्या असत्या आणि स्वतःच्या नावाने अर्ज केला असता. शाळा न मिळाल्यामुळे त्यांचा शोध थांबला नाही, पण त्यांचा हक्क बुडाला. अक्षर हे हक्काचे हत्यार आहे. प्रश्न एवढाच की, शाळेने त्यांचा डोळा शाबूत ठेवला असता काय?

कायद्याबद्दल सांगायचे तर, १९७० च्या पेटंट कायद्याखाली बियाणे आणि वनस्पतींच्या वाणांना पेटंट मिळत नाही. २००१ साली पिकांचे वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला, तेव्हा एचएमटी बाजारात येऊन दशक उलटले होते. या कायद्याच्या कलम ३९ नुसार नवा वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याला वैज्ञानिक पैदासकाराप्रमाणेच नोंदणीचा हक्क आहे. दुसऱ्या कुणी वाण नोंदवत असेल, तर मूळ बियाणे कुठून आले आणि त्यात कोणत्या शेतकऱ्याचा वा गावाचा वाटा आहे, हे अर्जात सांगावे लागते. आपल्या शेतात वेगळी लोंबी दिसली तर काय करायचे, हे धान पिकवणाऱ्या तालुक्यातल्या किती दहावी पास मुलांना माहीत आहे? 'वनस्पतीतील प्रजनन' हा धडा मात्र सर्वांचा पाठ असतो.

कलमांचे आकडे बदलले तेव्हा

हा रोग केवळ विज्ञानाचा नाही. मी ज्या विधी महाविद्यालयात शिकलो तिथे तीन वर्षे आम्ही कलमे घोकली. कोणत्या वर्षी कोणता प्रश्न आला, यंदा कोणता येईल, यावर अभ्यास चालत असे. सनद हाती आली तेव्हा शेकडो कलमे तोंडपाठ होती. पण सातबाऱ्यावरच्या फेरफाराचा माग कसा काढायचा, हे मला एका वयस्क कुळाने कोर्टाच्या ओट्यावर बसून समजावून सांगितले. तो अंगठेबहाद्दर होता. महाविद्यालयात सातबाऱ्याचा कागद आमच्या हाती कुणी कधी दिलाच नव्हता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० होते ते ३१८ मध्ये गेले. ज्यांची वकिली आकड्यांच्या पाठांतरावर उभी होती, त्यांची एका रात्रीत तारांबळ उडाली. हेतू, कृत्य आणि पुरावा यांचा संबंध ज्यांना समजला होता त्यांना फक्त नवे आकडे पाहावे लागले. आज तर पाठ केलेले सगळे खिशातल्या मोबाइलमध्ये क्षणात सापडते. संगणक माहिती सांगतो, निबंधही लिहून देतो. अशा काळात ज्याच्याजवळ केवळ पाठांतर आहे, त्याला बाजारात भाव कोण देणार? आणि केवळ पाठांतर कुणाच्या पदरी पडणार आहे? ज्यांच्या घरी संगणक नाही आणि शाळेत प्रयोगशाळा नाही त्यांच्याच ना?

दोन सापळे

तरीही घोकंपट्टीविरुद्ध बोलताना आपण सावध राहिले पाहिजे, कारण या घोषणेत दोन सापळे आहेत.

पहिला सापळा परीक्षेचा. घोकंपट्टी नको म्हणून लेखी परीक्षाच नको, तोंडी घ्या, प्रकल्प घ्या, मुलाखत घ्या, असे सुचवले जाते. ऐकायला छान वाटते. पण आपल्या पोरांचा अनुभव काय आहे? लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नंबर असतो, आडनाव नसते. तोंडी परीक्षेत आधी आडनाव विचारले जाते, मग प्रश्न. या देशात बैठक क्रमांकाने दलितांना जेवढा न्याय दिला, तेवढा पुष्कळ थोरामोठ्यांनी दिला नाही. म्हणून परीक्षा रद्द करा ही आपली मागणी असू शकत नाही. परीक्षेत काय विचारता ते बदला, ही आपली मागणी असली पाहिजे. नाव झाकलेले राहू द्या, पण प्रश्न समजेचा विचारा.

त्याच वेळी परीक्षा अवघड करणे म्हणजे दर्जा वाढवणे, हा भ्रमही टाळावा लागेल. १९२७ साली मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी परीक्षा वेगळी आणि शिक्षण वेगळे, असे बजावले होते. दर्जाच्या नावाखाली परीक्षा इतक्या कठोर केल्या जातात की मागासवर्गाला विद्यापीठाच्या दारातच अडवले जाते, हे त्यांचे म्हणणे होते. आज लाखो रुपये फी घेणारे प्रवेशपरीक्षेचे क्लासेस पाहा. तिथेही घोकंपट्टीच चालते, फक्त ती महाग आहे. मोफत घोकणारा मागे राहतो आणि विकत घोकणारा पुढे जातो. यालाच पुढे गुणवत्ता असे नाव मिळते.

दुसरा सापळा कौशल्याचा. हाताने काम करायला शिकवा, हे आपण म्हणतोच. पण १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस बापाचा धंदा अशी योजना आणली होती. पेरियारांच्या द्रविड चळवळीने तिला कुलशिक्षण म्हणून विरोध केला आणि १९५४ साली ती मागे घेतली गेली. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याजवळ शिकावे असे आहे. कल्पना चांगली आहे. पण शहरातल्या महागड्या शाळेतला मुलगा कुंभाराच्या चाकावर बसणार असेल आणि कुंभाराचा मुलगा त्याच दहा दिवसांत प्रयोगशाळेत बसणार असेल, तरच ती चांगली आहे. नाही तर अवजार आपल्या हाती आणि संशोधन त्यांच्या हाती, हा जुनाच बंदोबस्त नव्या नावाने येईल.

चीन, कोरिया, जपान इथली मुले आपल्यापेक्षा जास्त घोकतात, तरी ते देश तंत्रज्ञानात पुढे कसे, असाही प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर दिले पाहिजे. त्या देशांनी सर्व मुलांना शाळेत आणले, कारखाने उभे केले आणि संशोधनावर पैसा ओतला. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीनचा खर्च अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियाचा साडेचार टक्क्यांहून अधिक आहे. तेव्हा घोकंपट्टी हे एकमेव कारण नाही, हे मान्य. पण तिथे घोकून बाहेर पडलेल्या मुलाला पुढे कारखाना आणि प्रयोगशाळा भेटते. आपला मुलगा घोकून बाहेर पडतो आणि त्याला पुढे पुन्हा स्पर्धा परीक्षेचे गाईडच भेटते.

होऊ शकते, हे सिद्ध झाले आहे

गरिबाच्या शाळेत प्रयोगातून शिकवणे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना तीन उदाहरणे सांगतो.

सातपुड्याच्या पलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ सरकारी शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुले टोळ्या करून प्रयोग करीत आणि स्वतःच्या निरीक्षणांतून निष्कर्ष काढीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवायला परवानगी होती आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. मनातले प्रश्न मुले 'सवालीराम' या नावाने पत्र लिहून विचारीत. पुढे एकलव्य संस्थेने हे काम वाढवले आणि ते शेकडो सरकारी शाळांत गेले. २००२ साली राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. खेड्यातल्या शाळेत तीस वर्षे चाललेली गोष्ट अशक्य होती, असे कुणी म्हणू नये.

दुसरे उदाहरण मुंबईचे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे प्रा. वि. गो. कुळकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतर महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना घेऊन काम केले. या मुलांची बुद्धी कमी नाही, पुस्तकाची बोजड भाषा आणि प्रश्न विचारण्याची न मिळालेली संधी हे खरे अडथळे आहेत, असे त्यांना आढळले. भाषा सोपी केली, प्रयोग हाती दिले, चूक लगेच समजावून सांगितली. मुलांचे दहावीचे निकाल सुधारले. आपल्या मुलांच्या गुणवत्तेवर बोट ठेवणाऱ्यांना दाखवण्यासारखा हा पुरावा आहे.

तिसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचे. हिंदुस्थान लिव्हरमधले संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली मुले तिथे वेल्डिंग, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य यांतून विज्ञान शिकली आणि गावाला लागणाऱ्या वस्तू बनवू लागली. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने त्या खेड्यात फॅब लॅब उभी राहिली. नापासाचा शिक्का बसलेल्या मुलांनी ती चालवली.

आपण काय मागायचे?

केंद्र सरकारने २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब ही योजना आणली. शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते. आतापर्यंत सुमारे दहा हजार शाळांना तिचा लाभ झाला. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी पन्नास हजार लॅब करण्याची घोषणा झाली. देशात शाळा चौदा लाखांहून जास्त आहेत. तेव्हा या पन्नास हजारांत कोणत्या तालुक्याला किती, निवड कोण करणार, अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांच्या शाळा, आश्रमशाळा आणि खाणीच्या पट्ट्यातल्या शाळा त्यात आहेत की नाहीत, हे माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. अर्ज एका पानाचा आहे आणि फी दहा रुपये. दारिद्र्यरेषेखालील नागरिकाला तीही नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रयोगाच्या खोलीचा समावेश व्हावा, यासाठी लोकप्रतिनिधींना धरले पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते, ते कायद्यानेच दिले आहे. त्या बैठकीत पोषण आहाराबरोबर विज्ञानाच्या साहित्याचाही हिशेब मागा. पेटी आली होती का, ती उघडली का, की कपाटात कुलपात आहे? प्रयोगवही मुलांनी प्रयोग करून भरली की फळ्यावरून उतरवली? हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही.

बुद्धविहारांतून आज अभ्यासिका चालतात. तिथे पोरे रात्री उशिरापर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तके घोकताना दिसतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण नोकरीचे दार तिकडूनच उघडते आणि ते उघडलेच पाहिजे. पण त्याच अभ्यासिकेत आठवड्यातून एक संध्याकाळ लहान मुलांसाठी ठेवा. गावातला वायरमन, मोटार दुरुस्त करणारा, खाणीतून निवृत्त झालेला फोरमन, धानाचे वाण जपणारी आजी यांना बोलवा. संपलेला सेल, बिघडलेला पंखा, दोन वाणांच्या लोंब्या मुलांच्या हाती द्या. घटनेच्या कलम ५१-अ ने वैज्ञानिक दृष्टी आणि चौकसपणा वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. ते कर्तव्य विहाराच्या ओसरीवरही पार पाडता येते.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले, घोका म्हणून सांगितले नाही. ज्यांच्या पूर्वजांनी या देशात सगळे काही हातांनी बनवले, त्यांच्या पोरांना केवळ दुसऱ्याने लावलेले शोध पाठ करायला लावणे हा अन्याय आहे. तो दूर करायचा तर अक्षर, अवजार आणि प्रश्न ही तिन्ही आपल्या पोरांच्या हाती एकदमच आली पाहिजेत. त्यातले एक जरी कमी पडले, तरी शोध आपल्या शेतात लागेल आणि नाव दुसऱ्याचे होईल.